निपुणांचें नवशिकेपण

एका विद्येंत पारंगत झालेल्या मनुष्यास तिच्या शेजारची दुसरी विद्या विनासायास साध्य व्हावी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. उत्तम तबलजीनें पखवाजावर हात ठेवावा आणि पखवाज लगेच बोलूं लागावा, असें आपण गृहीत धरतों. परंतु पखवाजी सांगेल कीं, तबल्यावर बोटें बोलतात आणि पखवाजावर सबंध पंजा बोलतो. म्हणून बोटांना लागलेली संवय आधीं आवरावी लागते, मगच नवा हात बसतो. अडाण्याला एकदांच शिकावें लागतें. निपुणाला आधीं विसरावें लागतें आणि नंतर शिकावें लागतें.

ह्या सत्याची अत्यंत कठोर परीक्षा घेणारें एक क्षेत्र म्हणजे मोटारींच्या शर्यती. शाळेंतल्या परीक्षेंत चुकलें तर चार गुण कमी पडतात. येथें हाड मोडतें, प्रसंगीं प्राणही जातो. एका जातीच्या शर्यतींत जगज्जेते म्हणून गाजलेले चालक दुसऱ्या जातीच्या शर्यतींत उतरले, तेव्हां त्यांचें काय झालें, ह्याचा इतिहास मी आज आपणांस थोडक्यांत सांगणार आहें.

मोटारींच्या शर्यती म्हणजे सगळ्या एकच, असें दुरून पाहणाऱ्यास वाटतें. वस्तुतः त्यांच्यांत निरनिराळ्या जाती आहेत. युरोपांत वाढलेली ग्रां प्रीची परंपरा, जिचें आजचें रूप फॉर्म्युला वन, ही डाव्या-उजव्या वळणांच्या, चढउतारांच्या वाटेवर धांवते. अमेरिकेंत अंडाकृति धांवपट्टीभोंवतीं फेऱ्या मारण्याची परंपरा वाढली. त्याच देशांत स्टॉक कार म्हणून एक निराळी जात आहे. तिच्या गाड्या दिसण्यांत घरगुती मोटारीसारख्या, पण वजनानें भारी. रॅली नांवाच्या प्रकारांत चालक एकटा नसतो. शेजारीं बसलेला सोबती पुढच्या वळणाचें वर्णन वाचून दाखवितो आणि त्याच्या शब्दावर विसंबून न दिसणाऱ्या वाटेवर गाडी घालावी लागते. ह्या प्रत्येक जातीचा स्वभाव निराळा, आणि म्हणून तिच्यांत वाढलेल्या माणसाच्या हातापायांच्या संवयीही निराळ्या.

संवय कशी आड येते, ह्याचें एक जुनें उदाहरण प्रथम घेऊं. १९३४ सालीं जर्मनींतील ऑटो युनियन ह्या कंपनीनें एक विलक्षण शर्यतीची गाडी मैदानांत आणली. फर्डिनांड पोर्शे ह्यानें आंखलेल्या त्या गाडीचें सोळा सिलिंडरांचें इंजिन चालकाच्या पुढें नसून पाठीमागें होतें. चालक पार पुढें बसत असल्यामुळें गाडीचें मागचें अंग घसरूं लागलें, तरी त्याला तें उशिरा कळे. आणि कळेपर्यंत गाडी अर्धी फिरलेली असे. पुढें इंजिन असलेल्या गाड्यांवर वर्षानुवर्षें तयार झालेल्या चालकांना ती वश होईना. अशा वेळीं बेर्न्ट रोझेमायर नांवाचा एक तरुण पुढें आला. तो मोटरसायकलच्या शर्यतींत गाजलेला होता; शर्यतीची मोटार त्यानें त्यापूर्वीं कधीं हांकलीच नव्हती. १९३५ सालीं त्यानें ह्याच गाडीवर पहिली शर्यत केली आणि पुढच्याच वर्षीं, १९३६ मध्यें, तो युरोपचा विजेता ठरला. मोटार कशी वागली पाहिजे ह्याविषयीं त्याचा कोणताही पूर्वग्रह नव्हता, हेंच त्याचें भांडवल होतें, असें जाणकार म्हणत आले आहेत. दुर्दैवानें १९३८ च्या जानेवारींत वेगाचा विक्रम करण्याच्या प्रयत्नांत तो ठार झाला.

येथें कोणी म्हणेल, मग अनुभव हा शापच म्हणावयाचा कीं काय? तसें मुळींच नाहीं. रोझेमायरच्या मागें त्याच कंपनीनें इटलीच्या तात्सिओ नुव्होलारी ह्यास बोलाविलें. त्याचें सारें आयुष्य पुढें इंजिन असलेल्या गाड्यांवर गेलेलें, वय पंचेचाळीस. त्याला ही उलटी गाडी उमजावयास कांहीं काळ गेला. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत त्यानें मोंझा येथें इटलीची आणि ऑक्टोबरांत इंग्लंडमध्यें डॉनिंग्टन येथील ग्रां प्री शर्यत जिंकली. म्हणजे जुनी संवय मोडतां येते. मात्र ती मोडावी लागते, हें आधीं कबूल करावें लागतें.

आतां ह्या कथेचें मुख्य मैदान पाहूं. अमेरिकेंत इंडियानापोलिस शहरीं १९०९ सालीं एक धांवपट्टी बांधण्यांत आली. आरंभीं तिच्यावर खडी व डांबर होतें. परंतु सुरुवातीच्या भीषण अपघातांनंतर त्याच वर्षीं तिच्यावर सुमारें ३२ लक्ष विटा बसविण्यांत आल्या. आज त्या विटांपैकीं एक यार्ड रुंदीचा पट्टा तेवढा आरंभरेषेवर उघडा ठेवलेला आहे. महायुद्धांचीं वर्षें सोडलीं तर १९११ पासून येथें दरवर्षीं शर्यत होत आली आहे. एक फेरी अडीच मैलांची. अशा २०० फेऱ्या, म्हणजे एकंदर ५०० मैल. वळणें चार, आणि चारही डावीकडे. प्रत्येक वळणाची बाहेरची कड ९ अंश १२ मिनिटें इतकी उचललेली.

ज्याला केवळ डावीकडेच वळावयाचें, त्याच्यापुढें अडचण ती कोणती, असा प्रश्न कोणासही पडेल. आणि युरोपांतील पुष्कळ चालकांना तो पडलाही. उत्तर असें आहे कीं, येथें गाडीच मुळीं वाकडी बनविलेली असते. डावीकडे वळतांना सारा भार उजव्या बाजूच्या चाकांवर येतो, म्हणून उजव्या बाजूचे टायर किंचित् मोठे घालतात. सरळ रस्त्यावर ती गाडी आपण होऊनच डावीकडे ओढ घेते. दुसरें म्हणजे, युरोपच्या वाटेवर चूक झाली तर बहुधा गवत किंवा वाळू आडवी येते. येथें धांवपट्टीला लागूनच भिंत आहे. तिसरी गोष्ट सर्वांत घातक. गाडीचें मागचें अंग घसरलें, तर चक्र उलट फिरवून तिला सांवरावें, हा युरोपच्या चालकाचा पहिला धडा. तें त्याच्या हातांत इतकें भिनलेलें असतें कीं, विचार करण्यापूर्वींच हात फिरतात. अंडाकृति धांवपट्टीवर त्याच उपायानें टायरांना अकस्मात् पकड येते आणि चाकें उजवीकडे वळलेलीं असल्यामुळें गाडी बाणासारखी बाहेरच्या भिंतीवर जाते. म्हणून तेथील जुने लोक नवख्याला सांगतात कीं, गाडी हातची गेली तर तिला खुशाल गिरकी घेऊं द्या. सांवरावयास जाऊं नका. ज्या क्रियेनें आजवर प्राण वांचविला, तीच येथें प्राण घेऊं शकते. आज पात्रताफेरींतील वेग ताशीं २३० मैलांच्याही पुढें गेला आहे. त्या वेगांत हाताशीं वाद घालावयास सवड मिळत नाहीं.

ह्या शर्यतीचा एक नियम मला फार आवडतो. येथें प्रथमच येणारा चालक कितीही मोठा असो, त्याला नवख्याची परीक्षा द्यावीच लागते. ठराविक वेगानें ठराविक फेऱ्या, मग वेग थोडा वाढवून पुन्हां फेऱ्या. आणि अनुभवी मंडळी त्यावर नजर ठेवून असतात. १९५० ते १९६० पर्यंत ही शर्यत जागतिक विजेतेपदाच्या गणनेंत धरली जात असे, तरीही युरोपचे चालक तिकडे क्वचितच फिरकत. १९५२ सालीं इटलीचा आल्बेर्तो आस्कारी हा फेरारी गाडी घेऊन गेला. त्यासाठीं त्यानें स्वित्झर्लंडमधील शर्यतही सोडली. इंडियानापोलिसला तो एकोणिसाव्या जागेवरून निघाला आणि चाळीस फेऱ्या झाल्या असतील नसतील, तोंच गाडीचें एक चाक मोडून पडलें. ग्रां प्रीच्या वाटेवर डाव्या-उजव्या वळणांचा भार वांटून घेणाऱ्या त्या तारांच्या चाकाला एकाच बाजूचा अखंड ताण निराळाच होता. युरोपांत परतल्यावर त्याच आस्कारीनें त्या वर्षीच्या जागतिक गणनेंतील उरलेल्या सर्व शर्यती जिंकल्या आणि तो जगज्जेता झाला. माणूस तोच, वर्षही तेंच. मैदान तेवढें निराळें. पुढें १९५८ सालीं पांच वेळां जगज्जेता झालेला अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फांजिओ तेथें आला, सराव करून पाहिला आणि पात्रताफेरीपूर्वींच त्यानें तो विचार सोडून दिला.

१९६१ सालीं मात्र एक लहानशी घटना घडली, जिचा परिणाम मोठा झाला. दोन वेळां जगज्जेता झालेला ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्रॅबम एक छोटी कूपर गाडी घेऊन तेथें आला. अमेरिकन गाड्या भारदस्त. त्यांचें चार लिटरांहून मोठें इंजिन पुढें. ब्रॅबमच्या गाडीचें इंजिन पावणेतीन लिटरांचें, आणि तें पाठीमागें. सरळ पट्टीवर तो मागें पडे, पण वळणांवर पुढच्यांना गांठी. अखेरीस तो नववा आला. वर्तमानपत्रांच्या दृष्टीनें नववा क्रमांक म्हणजे कांहींच नव्हे. परंतु पाहणाऱ्यांपैकीं ज्यांना डोळे होते त्यांनीं ओळखलें कीं, ह्या पाहुण्यानें आपल्याबरोबर एक नवा विचार आणला आहे. नवशिका केवळ घेण्यासाठीं येत नाहीं, तो कांहीं देऊनही जातो, हें येथें प्रथम दिसलें. त्या दशकाच्या अखेरीस इंजिन पुढें असलेली गाडी त्या मैदानांतून जवळजवळ नाहींशी झाली.

डॅन गर्नी हा अमेरिकन चालक दोन्ही मैदानें जाणणारा. त्याच्या आग्रहावरून लोटस कंपनीचा कॉलिन चॅपमन इंडियानापोलिसची शर्यत पाहावयास आला आणि १९६३ सालीं त्यानें फोर्ड कंपनीचें इंजिन बसविलेली गाडी व जिम क्लार्क हा चालक तेथें आणला. क्लार्क स्कॉटलंडमधील शेतकरी कुटुंबांतला, मितभाषी मनुष्य. नवख्याची परीक्षा त्यानें निमूटपणें दिली. गाडी हलकी असल्यामुळें एकदांच थांबून त्यानें शर्यत पुरी केली आणि तो दुसरा आला. विजयी पार्नेली जोन्सच्या गाडींतून तेल गळत होतें. त्याला बाजूस काढावें कीं नाहीं, ह्यावर त्या वेळीं मोठा वाद माजला. क्लार्कनें स्वतः मात्र त्याचें भांडवल केलें नाहीं. त्याच वर्षीं तो प्रथमच जगज्जेता झाला.

१९६४ चें वर्ष दारुण होतें. दुसऱ्याच फेरींत डेव्ह मॅकडोनल्ड ह्या तरुणाची गाडी ताब्याबाहेर जाऊन आंतल्या भिंतीवर आदळली आणि पेटली; मागून आलेला एडी सॅक्स त्या आगींत सांपडला. दोघेही दगावले. मॅकडोनल्ड हा स्पोर्ट्स मोटारींच्या शर्यतींतला नांवाजलेला चालक; ह्या शर्यतींत तो प्रथमच उतरला होता, आणि त्याच्या वांट्याला आलेली गाडी नव्या धर्तीची व चंचल होती. दोष त्याच्या कौशल्याचा होता, असें म्हणणें अन्यायाचें होईल. नवें मैदान, नवी गाडी आणि भोंवतीं पेट्रोलचा सांठा, ह्या तिहींची गांठ पडली, इतकेंच म्हणतां येईल. ह्या अपघातानंतर तेथें पेट्रोल मागें पडून मिथेनॉल वापरांत आलें. क्लार्क त्या दिवशीं पहिल्या जागेवरून निघाला होता; पण टायरांचे तुकडे उडूं लागून त्याच्या गाडीचें मागचें अंग मोडलें आणि ४७ व्या फेरीस त्याची शर्यत संपली. टायर युरोपांतून आणलेले होते. पुन्हां तीच गोष्ट: हातचें उत्तम तें येथेंही उत्तम, असें मानून चाललें होतें.

१९६५ सालीं लोटसच्या लोकांनीं जें केलें, तें माझ्या मतें ह्या सबंध इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचें कृत्य होय. गाडीचा आराखडा त्यांनीं आपलाच ठेवला, कारण त्यांत त्यांचा हातखंडा होता. परंतु मध्यें थांबून इंधन भरणें आणि टायर बदलणें ही अमेरिकेची कला आहे, तिच्यांत आपण कच्चे आहोंत, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून व्हर्जिनिया राज्यांतील वुड बंधू ह्या मंडळींना पाचारण करण्यांत आलें. हे स्टॉक कारच्या शर्यतींत मुरलेले कारागीर. त्यांनीं क्लार्कची गाडी प्रत्येक थांब्यास अर्ध्या मिनिटाच्या आंत वाटेला लावली. २०० पैकीं १९० फेऱ्या क्लार्क आघाडीवर होता आणि ताशीं १५० मैलांहून अधिक सरासरी वेगानें त्यानें ती शर्यत जिंकली. त्यासाठीं मोनॅकोची मानाची शर्यत त्यानें सोडली होती. तरीही त्या वर्षीचें जागतिक विजेतेपद त्यानेंच मिळविलें. एकाच वर्षीं हे दोन्ही मान मिळविणारा दुसरा चालक आजपर्यंत झालेला नाहीं. ७ एप्रिल १९६८ रोजीं जर्मनींत हॉकेनहाइम येथें एका दुय्यम दर्जाच्या शर्यतींत तो मरण पावला.

पुढच्याच वर्षीं, १९६६ मध्यें, इंग्लंडचा ग्रॅहॅम हिल पहिल्याच प्रयत्नांत ती शर्यत जिंकून गेला. आरंभींच्या टकरींत अकरा गाड्या बाद झाल्या होत्या, हें खरें. परंतु उरलेल्या पांचशें मैलांत सांवध राहिला तो हिलच. मोनॅको, इंडियानापोलिस आणि फ्रान्समधील ल मांसची चोवीस तासांची शर्यत, ह्या तीन निराळ्या जातींच्या शर्यती जिंकलेला तो एकटाच चालक होय.

आतां एकदम १९९३ सालाकडे येऊं. कारण त्या वर्षीं दैवानें जणूं एक प्रयोगच मांडून ठेविला होता. १९९२ चा फॉर्म्युला वनचा जगज्जेता, इंग्लंडचा नायजेल मॅन्सेल, अमेरिकेंत गेला. आणि त्यानें जागा घेतली ती मायकेल अँड्रेट्टीची. अँड्रेट्टी हा १९९१ चा अमेरिकन विजेता, तो त्याच वेळीं युरोपांत मॅक्लारेन संघाकडे गेला. दोघे निपुण, दोघांनीं घरें बदललीं.

मॅन्सेलनें ऑस्ट्रेलियांतील रस्त्यावरची पहिली शर्यत जिंकली. पण दुसरी शर्यत फिनिक्सच्या अंडाकृति धांवपट्टीवर होती. तेथें सरावांतच त्याची गाडी भिंतीवर इतक्या जोरानें आदळली कीं, त्याच्या पाठीला दुखापत होऊन त्याला ती शर्यत सोडावी लागली. जगज्जेत्याला भिंतीनें पहिला पाठ दिला. दुसरा कोणी असता तर त्यानें हा वेडेपणाचा प्रकार म्हणून नाद सोडला असता. मॅन्सेलनें पाठीच्या वेदनेसह पुन्हां अभ्यास केला. अंडाकृति धांवपट्टीवरची त्याची पहिली शर्यत म्हणजे इंडियानापोलिसचीच. अखेरच्या टप्प्यांत तो आघाडीवर होता. इतक्यांत पिवळें निशाण लागलें. अशा वेळीं सर्व गाड्या संथ गतीनें एकामागून एक चालतात आणि हिरव्या निशाणाबरोबर धांवत्या गाड्यांनिशींच पुन्हां शर्यत सुरू होते. ह्या क्षणाची नाडी ओळखण्याचें शिक्षण त्याला मिळालेलें नव्हतें. फिटिपाल्डी आणि लायंडाइक हे दोघे मुरलेले गडी त्याच्या दोन बाजूंनीं निसटले आणि तो तिसरा आला. धडा मात्र वायां गेला नाहीं. पुढच्याच अंडाकृति धांवपट्टीवर, मिलवॉकीस, तो जिंकला. नंतर मिशिगन, न्यू हॅम्पशायर आणि नॅझरेथ येथील तशाच धांवपट्ट्यांवरही जिंकला. एकंदर पांच विजय, त्यांपैकीं चार त्याला सर्वस्वी नव्या असलेल्या जातीच्या मैदानावर. आणि वर्षाचें विजेतेपद.

तिकडे अँड्रेट्टीचें काय झालें? पहिल्या तीन शर्यतींत मिळून त्याच्या पांच फेऱ्याही पुऱ्या झाल्या नाहींत. दर वेळीं आरंभींच कोणाशीं ना कोणाशीं टक्कर. फॉर्म्युला वनची शर्यत उभ्या गाड्यांनीं सुरू होते, आणि पहिल्या वळणाला सगळे एकाच वेळीं तोंड घालतात. तो ज्या शर्यतींत वाढला, त्यांत बहुधा धांवत्या गाड्यांनीं आरंभ होई. गाडींत तेव्हां स्वयंचलित साधनांची रेलचेल होती. वाटा अनोळखी, आणि सरावाच्या फेऱ्यांवर नेमकी त्या वर्षीं मर्यादा घातली गेली होती. शेजारीं तुलनेला साक्षात् आयर्टन सेना. शिवाय त्यानें आपलें बिऱ्हाड अमेरिकेंतच ठेविलें होतें, आणि ह्याबद्दल त्याच्यावर टीकाही पुष्कळ झाली. सप्टेंबरांत मोंझा येथें तो तिसरा आला आणि त्याच शर्यतीनंतर त्यानें तो संघ सोडला. जेव्हां हात बसूं लागला, तेव्हांच पाटी पुसली गेली. १९९४ सालीं अमेरिकन मालिकेंत परतून त्यानें पहिलीच शर्यत जिंकली. म्हणजे विद्या गेली नव्हती, तिचें घर तेवढें चुकलें होतें. मॅन्सेलला मात्र त्या दुसऱ्या वर्षीं अमेरिकेंत एकही विजय मिळाला नाहीं. एकदां शिकलें म्हणजे कायमचें शिकलें, असेंही नसतें.

जड गाड्यांच्या मैदानाची कथा संक्षेपानें सांगतों. कोलंबियाचा हुआन पाब्लो मोंतोया फॉर्म्युला वनमध्यें सात शर्यती जिंकून २००७ पासून स्टॉक कारकडे वळला. सुमारें ६०० किलोंची गाडी सोडून सुमारें दीड हजार किलोंची गाडी घ्यावयाची, तीही कमकुवत ब्रेकांची. त्यानें त्या मालिकेंतील अव्वल वर्गांत दोन शर्यती जिंकल्या, २००७ सालीं सोनोमा येथें आणि २०१० सालीं वॉटकिन्स ग्लेन येथें. दोन्ही डाव्या-उजव्या वळणांच्या वाटेवर, म्हणजे त्याच्या माहेरीं. अंडाकृति धांवपट्टीवर विजय हातातोंडाशीं आला तो २००९ सालीं इंडियानापोलिसला. १६० पैकीं ११६ फेऱ्या तो पुढें होता. पण थांब्याच्या गल्लींत ठरलेल्या मर्यादेपेक्षां अधिक वेगानें गेल्याबद्दल शिक्षा झाली आणि विजय निसटला. स्कॉटलंडचा डारिओ फ्रँकिटी २००७ चा इंडियानापोलिसचा विजेता. २००८ सालीं तोही स्टॉक कारकडे गेला. टॅलाडेगा येथें त्याच्या घोट्याचें हाड मोडलें, आश्रयदात्याअभावीं त्याची गाडी वर्षाच्या मध्येंच बंद पडली, आणि तो परत फिरला. परतल्यावर त्यानें लागोपाठ तीन वर्षें विजेतेपद मिळविलें. आपल्याकडील नारायण कार्तिकेयन, जो २००५ सालीं फॉर्म्युला वनमध्यें उतरलेला पहिला भारतीय, त्यानेंही २०१० सालीं ट्रकच्या मालिकेंत भाग घेतला होता. त्याचा आरंभ झाला तो मार्टिन्सव्हिलच्या जेमतेम अर्ध्या मैलाच्या धांवपट्टीवर.

शेवटचें उदाहरण स्पेनच्या फर्नांडो अलोन्सोचें. २०१७ सालीं क्लार्कप्रमाणेंच मोनॅको सोडून तो इंडियानापोलिसला गेला. त्या वेळीं त्याची गाडी तेथील एका मुरलेल्या संघानें तयार केली होती. तो २७ फेऱ्या आघाडीवर राहिला. २१ फेऱ्या उरल्या असतां इंजिन बंद पडलें. मधल्या काळांत, २०१८ मध्यें, त्यानें ल मांसची शर्यतही जिंकली. २०१९ सालीं मॅक्लारेननें स्वतःचा नवा संघ उभा करून त्याला पुन्हां इंडियानापोलिसला नेलें. चालक तोच, आतां अधिक अनुभवी. परंतु गाडीचें चक्र वेळेवर तयार नव्हतें. मोजमापें इंची पद्धतीनें कीं मेट्रिक पद्धतीनें, ह्यांत घोटाळा झाला. आणि ३३ गाड्यांच्या शर्यतींत अलोन्सोला जागाच मिळाली नाहीं. वुड बंधूंना बोलावणाऱ्या चॅपमनची येथें आठवण होते. नवें मैदान एकट्या चालकाला शिकून भागत नाहीं. पाना हातांत घेतलेल्या शेवटच्या माणसापर्यंत सर्वांना तें शिकावें लागतें.

श्रोतेहो, ह्या साऱ्या कथांतून मला दिसतें तें असें. जे हरले ते कौशल्यांत उणे होते म्हणून हरले नाहींत; आस्कारी आणि अलोन्सो ह्यांना उणें कोण म्हणेल? आणि जे जिंकले ते केवळ धाडसानें जिंकले नाहींत. त्यांनीं तीन गोष्टी केल्या. आपण येथें नवखे आहों, हें त्यांनीं लाज न बाळगतां मानलें. आपल्या जुन्या विद्येंतलें काय येथें चालेल आणि काय घात करील, ह्याची निवड केली. जें आपणांस येत नाहीं तें ज्यांना येतें, त्यांच्या हातीं दिलें. ह्यांपैकीं पहिली गोष्ट सर्वांत अवघड. कारण कीर्ति जितकी मोठी, तितकें पहिल्या यत्तेच्या बांकावर जाऊन बसणें जिवावर येतें.

पुष्कळ वर्षें मुलांना शिकविल्यावर मला असें वाटूं लागलें आहे कीं, मुलगा शिकतो ह्यांत नवल नाहीं. त्याला विसरावयाचें कांहीं नसतें. भरल्या हातानें आलेला मनुष्य शिकतो, तेव्हां खरें नवल. आपल्यापैकीं अनेकांवर मध्यान्हीं किंवा उतारवयांत असा प्रसंग येतो. कचेरी बदलते, धंदा बदलतो, हातांतलें साधन बदलतें, आणि चाळीस वर्षांची हुशारी अचानक उलटी फिरते. त्या वेळीं इंडियानापोलिसचा तो नियम आठवावा. जगज्जेता असो कीं कालचा पोर, प्रथम ठराविक वेगानें ठराविक फेऱ्या माराव्या लागतात. त्या मारण्यांत कमीपणा नाहीं.